पुस्तकपारखी वहिनी

साडी घेताना पदर उलटून मागचे धागे बघणाऱ्या बायका असतात, तशा आमच्या वहिनी लहान मुलांची पुस्तकं बघतात. राहायला बॉस्टनच्या एका उपनगरात. हॅलोविनचे भोपळे दारात कुजायला लागले की त्या लायब्ररीतून थँक्सगिव्हिंगची पुस्तकं पिशव्या भरभरून आणतात आणि जेवणाच्या टेबलावर एकेकाची चौकशी सुरू होते. मुलं तीन. धाकटी चार वर्षांची, मधला आठ, थोरली तेरा. टर्की तिघांत एक चालते, इतिहास मात्र ज्याच्या त्याच्या मापाचा हवा, असा वहिनींचा दंडक.

पहिली चाळणी चित्रांची. इंग्रज वसाहतवाल्यांच्या टोपीला बक्कल दिसलं की पुस्तक बाद. ती बक्कलं एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांनी लावली. ओंडक्यांची घरं दिसली, बाद. त्यांच्या प्लिमथ वसाहतीतली घरं फळ्यांची. तिथल्या मूळच्या वाम्पानोआग जमातीतल्या माणसाच्या डोक्यावर पिसांचा मोठा टोप असला तर वहिनी चष्मा काढून माझ्याकडे असं बघतात, जणू तो मीच शिवून दिलाय. "भाऊजी, हा टोप पार पश्चिमेकडच्या मैदानी जमातींचा!" ताटाशेजारी काटे मांडलेलं पुस्तकही गेलं, कारण 1621 साली ती मंडळी सुरी, चमचा आणि बोटांनीच जेवत. हे ऐकून हाताने वरणभात कालवणारा मधला फार खूश झाला.

पहिल्या थँक्सगिव्हिंगचा मूळ पुरावा खरं तर चिमूटभर. एडवर्ड विन्स्लो नावाच्या गृहस्थाने डिसेंबर 1621 मध्ये लिहिलेलं पत्र. पीक बरं आलं, चार माणसं पक्षी मारायला पाठवली, वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट आपली नव्वदेक माणसं घेऊन आला, तीन दिवस जेवणं चालली, पाहुण्यांनी पाच हरणं मारून आणली. झालं. पत्रात टर्कीचं नावसुद्धा नाही. एवढ्या भांडवलावर पुढे शेल्फंच्या शेल्फं चित्रपुस्तकं उभी राहिली. वहिनी प्रत्येक पुस्तकात ती पाच हरणं मोजतात.

एवढं सगळं होऊन उरतात ती पुस्तकं चांगली असतात, हे मी मान्य करतो. मधल्याच्या वाट्याला '1621: अ न्यू लुक अ‍ॅट थँक्सगिव्हिंग' आलं. थोरलीला डेव्हिड सिल्व्हरमनचं 'धिस लँड इज देअर लँड', जे मोठ्यांसाठीचं आहे आणि म्हणूनच तिने घेतलं. धाकटीला 'कीपुनुमक', 2022 सालचं. त्यात मका आणि तिच्या बहिणी, घेवडा नि भोपळा, नव्या आलेल्या माणसांना मदत करायचं ठरवतात. धाकटीचा जीव मात्र डेव्ह पिल्कीच्या पुस्तकात अडकलेला. त्यात सहलीला गेलेली मुलं फार्मवरच्या टर्कींना गुपचूप घरी घेऊन येतात. "यात इतिहास कुठाय?" म्हणत वहिनींनी ते फ्रिजवर ठेवलं. धाकटीचा हात तिथे पोचत नाही. थोरलीचा पोचतो.

पेच पडला तो टिस्क्वांटम नावाच्या वाम्पानोआग माणसापाशी. 1614 मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून तो इंग्लंडला पोचला आणि 1619 मध्ये परत आला, तर त्याचं पॅटक्सेट गाव साथीने ओस पडलेलं. त्याच जागेवर पुढच्या वर्षी प्लिमथ वसलं, आणि त्यानेच त्या लोकांना मका लावायला शिकवलं. वहिनींनी मात्रा ठरवल्या होत्या. थोरलीला सगळं, मधल्याला साथीपर्यंत, पण विकणं जरा हळू आवाजात, धाकटीला नुसता मका. पण टेबल एकच. मधल्याने मोठ्याने विचारलं, "विकला म्हणजे कितीला?" आणि धाकटीने विचारलं, "मग त्याची आई कुठे गेली?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वहिनी, आपल्याला चौथीच्या इतिहासात अफजलखान होता. कोथळ्यासकट. कुणी विचारलं होतं का, या वयाला झेपेल की नाही म्हणून?"

"तुम्ही यात पडू नका, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तिथे आपण जिंकलो होतो."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढी नेमकी इतिहासमीमांसा मी कुठल्याच प्रस्तावनेत वाचलेली नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी संध्याकाळी थोरलीने जाहीर केलं की ती गुरुवारी जेवणार नाही. 1970 पासून प्लिमथच्या कोल्स हिलवर त्या दिवशी आदिवासी लोक राष्ट्रीय शोकदिन पाळतात, त्यातले बरेच जण उपास करतात, आणि तीही करणार आहे. मला वाटलं, आता वादळ. फ्रिजमध्ये बारा पौंडांची टर्की, पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली.

वहिनी उठल्या, डबा काढला आणि म्हणाल्या, "साबुदाणा भिजत घालते. चालतो ना गं?"

"आई, तो तसला उपास नाही!"

"बघू बरं," म्हणत वहिनींनी चष्मा लावला आणि सिल्व्हरमनची सूची उघडली.