चकाकीचा नाद

एखादं काम मनावर घेतलं की मी ते तडीस नेतोच, आणि आमच्या घरात माझी धास्ती आहे ती नेमकी यामुळे. माझ्या आळसाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. नळ ठिबकला तर ठिबकला, कडी निसटली तर निसटली, संसार सुखात चालला होता. मग मामांचं क्लॅरिनेट हिवरखेडला आमच्या घरी आलं आणि मी कामाला लागलो.

मामा अकोटच्या एका बँडात वाजवायचे. खंडव्याकडे जाणारी मीटरगेजची गाडी 2017 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, पण ती धावत होती तेव्हा लग्नसराईत मामा बँडासह हिवरखेड स्टेशनवर उतरत आणि बगलेत या क्लॅरिनेटची पेटी असे. पलटणीतून निवृत्त झालेल्या कुण्या बँडवाल्याकडून त्यांनी हे क्लॅरिनेट घेतलं होतं. लाकूड काळंभोर, चाव्यांवर चांदीचा मुलामा. थकल्यावर ते त्यांनी माझ्या हवाली केलं. म्हणाले, "तू सायन्सचा मास्तर. तुले समजते." माणसं ओळखण्यात मामा आयुष्यभर कच्चे होते.

मला वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. फुंकलं की वासरू हंबरल्यासारखं काहीतरी व्हायचं आणि शेजारच्या गोठ्यातून उत्तर यायचं. त्यामुळे पेटी कपाटावरच असे. पण खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं पुजतात. आदल्या दिवशी ही मोरीत बसून पितळेची भांडी चिंचेनं घासत होती, तांब्या असा लखलखत होता की त्यात माझं टक्कलसुद्धा तेजस्वी दिसावं, आणि मी पेटी उघडली तर चाव्या काळ्या-जांभळ्या पडलेल्या. मामांचं वाद्य देवापुढे असं ठेवायचं?

चांदी काळी का पडते हे मी उभी हयात दहावीच्या पोरांना शिकवलं. हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो, त्यातलं गंधक चांदीशी संयोग पावतं, वर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. फळ्यावर समीकरण लिहून खाली दोन रेघा मारायचो. मात्र थर कसा काढावा हा प्रश्न बोर्डाच्या परीक्षेत येत नसल्यामुळे तो भाग मी ऑप्शनला टाकलेला.

तर, चिंच. हिच्या वाटीतला कोळ बोटानं चाव्यांवर चोळला आणि नळाखाली धरलं. तांब्याला आतबाहेर सगळं सारखंच असतं, क्लॅरिनेटला नसतं. प्रत्येक चावीखाली लोकरी नमद्याची चकती असते, तिच्यावर जनावराच्या आतड्याचा पातळ पापुद्रा ताणलेला असतो, आणि ती भोकावर घट्ट बसली तरच सूर निघतो. पाणी लागलं की चकती फुगते. चावी वर उचलून धरणाऱ्या पोलादी सुया असतात, त्यांना आंबट लागलं की गंज धरतो. हे सगळं मला नंतर कळलं. आतड्याची गोष्ट तर हिला अजून कळलेली नाही, कारण ते क्लॅरिनेट त्या वर्षी देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी होतं.

नवमीला हळदकुंकू वाहिलं. ते चाव्यांच्या सांध्यांत गेलं, ओल्या चिंचेत मिसळलं आणि तिथंच वाळलं. आता चाव्या काळ्या नव्हत्या. केशरी होत्या.

म्हणजे सगळं खोलणं आलं. इथे मला इतिहासाबद्दल थोडं बोलायचं आहे, कारण दोष सगळा माझा नाही. 1700 च्या आसपास न्यूरेंबर्गच्या डेनर नावाच्या कारागिरानं क्लॅरिनेट घडवलं तेव्हा त्याला चाव्या होत्या दोन. दोन! मी दोन सांभाळल्या असत्या. पुढे म्युनिकच्या बोएमनं, हा मुळात सोनार, बासरीच्या चाव्यांची नवी रचना केली, ती पाहून पॅरिसमध्ये क्लोझे आणि ब्युफे या दोघांनी 1839 च्या सुमारास क्लॅरिनेटवर तसाच प्रयोग केला, आणि आज त्या पद्धतीच्या वाद्याला सतरा चाव्या आणि सहा कड्या असतात. हिवरखेडात एक मास्तर पुढे छोटा पेचकस घेऊन बसणार आहे, याचा विचार या मंडळींपैकी एकानंही केला नाही.

स्क्रू सुटत गेले तसे मी ते पोह्यांच्या ताटलीत ठेवत गेलो. काही बोटभर लांब, काही तिळाएवढे, आणि दिसायला जुळे असले तरी एकाचा दुसऱ्याच्या जागी बसत नाही. सुया काढायला गेलो, एक बोटात शिरली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आलो तोवर हिनं ताटली रिकामी समजून त्यात लिंबू कापलं होतं.

आता खरा सायन्सचा भाग. अॅल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा आणि कढत पाणी. त्यात काळी चांदी बुडवली की गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी न घासता पांढरी होते. हा प्रयोग खरा आहे. पातेल्यात कागद अंथरला, सोडा घातला, चाव्या सोडल्या, आधणाचं पाणी ओतलं. क्षणात सडक्या अंड्याचा वास सुटला आणि मला आनंदाचं भरतं आलं, कारण तो वास म्हणजेच हायड्रोजन सल्फाइड. हिला हाक मारली, नातवाला हाक मारली, समीकरण सांगितलं. चाव्या डोळ्यांदेखत पांढऱ्या होत होत्या. तेवढ्यात नातू म्हणाला, "आबा, हे काय तरंगतंय?"

चकत्या. त्या चाव्यांना लाखेनं चिकटवलेल्या असतात आणि लाख कढत पाण्यात मऊ पडते.

माझ्यासारख्या माणसाला इथे थांबवायला हवं होतं. पण ही तेव्हा दिवाळीच्या भाजणीत गुंतली होती. सांध्याजवळच्या कोपऱ्यांत अजून थोडा काळेपणा होता, तो मला खुपत होता, म्हणून मी भांडी उजळायची पावडर आणि जुनं फडकं घेऊन ओसरीवर बसलो. घासलं की फडकं काळं होई, फडकं काळं झालं की हुरूप येई, मळ निघतोय म्हणून मी आणखी घासे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते काळं फडकं पदकासारखं दाखवलं. त्या काळ्यात मळाबरोबर चांदीही होती. मुलामा तो केवढा, आणि खरबरीत पावडर दर हाताला थोडा मुलामा घेऊन जाते. आंगठ्याखालच्या चावीतून आतला तांबं-जस्त-निकेलचा मिश्रधातू पिवळट डोकावू लागला. यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात आणि त्यात चांदी औषधालाही नसते, हे मी पोरांना पाठ करायला लावत असे.

झालं ते झालं, निदान पुन्हा काळं पडू नये म्हणून मी बंदोबस्त केला. चाव्या कशाबशा बसवल्या. सांध्यांना सुईच्या टोकावर येईल एवढंच यंत्राचं तेल लागतं, मी बुधलीतून खोबरेल सोडलं. सगळ्या वाद्याला रबरबँड घातले. त्यावर, निवृत्तीच्या दिवशी गावानं मला पांघरलेली लोकरी शाल मायेनं गुंडाळली, आणि पेटी हवेशीर राहावी म्हणून माळ्यावर ठेवली, कांद्याच्या टोपलीशेजारी.

रबर टणक करायला गंधक घालतात. लोकरीत गंधक असतं. कांद्यात तर असतंच. अख्ख्या हिवरखेडातलं गंधक मी एका माळ्यावर गोळा केलं होतं. सातपुड्याकडून गारठा उतरला, खोबरेल गोठलं, आणि पेटी उघडली तेव्हा चाव्या पूर्वीपेक्षा काळ्या होत्या, रबरबँडच्या जागी अधिक गडद पट्टे होते, आणि दाबलेली चावी वर येत नव्हती.

शेवटी अकोटला मामांच्या जुन्या जोडीदाराकडे गेलो. म्हातारे बँडमास्तर बराच वेळ नुसते पाहत राहिले.

"गुरुजी, हे काहून केलं बाप्पा?"

"काळ्या पडल्या होत्या."

"चावी कायी पडली म्हून सूर कुठी काया पडते?"

सगळ्या विज्ञानाचा निकाल त्यांनी एका वाक्यात लावला. मामांनी कधी पॉलिश केलं नाही, म्हणाले. वाजवायच्या आधी ते हात धुवत. शेगावला वरात असली तर कचोरी खाऊन तसेच कधी क्लारनेटाला हात लावत नसत. वाजवून झालं की आतून ओल पुसायची, बाहेरून चाव्यांवरचा घाम कोरड्या धोतराच्या सोग्यानं टिपायचा, पेटी लावायची. पेटीत ओल धरायला खडूचा तुकडा. बस. उरलेला काळेपणा तसाच राहू द्यायचा, त्यानं वाद्याचं काही बिघडत नाही. म्हणजे आयुष्यात आळसाचं चीज होईल अशी एकच जागा होती, आणि तिथेच मी उद्योगी निघालो.

त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर लाख तापवून नव्या चकत्या बसवल्या, सुया बदलल्या, लिंबाचा एक डाग काढून टाकला आणि पैसे घ्यायला नकार दिला. अट एकच घातली. ती मी पाळतो आहे.

तुमच्याकडे असं वाद्य असेल तर वाजवून झाल्यावर ते मऊ सुती कपड्यानं कोरडं करा आणि पेटीत ठेवा, एवढं पुरे. आणि घरात माझ्यासारखा कुणी निवृत्त, निरोगी, सायन्सचा माणूस असेल तर पेटीची किल्ली त्याच्या हाती लागू देऊ नका. आमच्याकडे ती हिच्या कमरेला आहे.