मोहाचा साबण

चोपड्याच्या माणसाने शॉवर बसवू नये, आणि बसवलाच तर त्याखाली हौशी साबण नेऊ नये. मी दोन्ही केलं.

आधी शॉवरचं सांगतो. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की पाणी तापवायच्या रॉडवर महिनाभरात पांढरं कवच चढतं. शॉवरची निम्मी भोकं अशीच बुजली. उरलेल्यांतलं एक भिंतीवर नेम धरतं, एक थेट माझ्या डाव्या कानात. तरी मी बादली-तांब्याकडे परत गेलो नाही, कारण टाइल्सचा खर्च झाला होता. बादली तर माळ्यावरच टाकून दिली.

अशात जळगावच्या एका प्रदर्शनात हाताने केलेले नैसर्गिक साबण दिसले. एक कडुनिंबाचा, एक कॉफीचा आणि एक मोहाच्या बियांच्या, म्हणजे टोळंबीच्या तेलाचा. एक वडी दीडशेला, तिन्ही घेतल्या तर चारशे. विकणारी बाई प्रामाणिक होती. तेलात कॉस्टिक सोडा घातल्याशिवाय साबण होतच नाही, वड्या चार ते सहा आठवडे वाळवाव्या लागतात, वापरल्यावर कोरड्या ठेवाव्या लागतात, असं सगळं तिने सांगितलं. मी कागदावर बांधलेली सुतळी बघत होतो.

पहिला दिवस कडुनिंबाचा. चोळला, पुन्हा चोळला; फेस नाही. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला गाठतं आणि फेसाऐवजी त्याचा चिकट साका करून टाकतं, हे मी शाळेत शिकलो होतो, मार्कही मिळवले होते. आता ते उत्तर अंगावर आलं. डोक्यावरून हात फिरवला तर केरसुणीवरून फिरवल्यासारखं वाटलं. कॉफीच्या वडीत चोथा होता. वज्रीने टाच घासावी तसं तिने पोट घासलं आणि मोरी तुंबवली.

राहिला मोह. तो मे महिन्यात बाहेर काढला. या साबणात ग्लिसरीन तसंच राहतं आणि ते ओल ओढून घेतं. मी वडी ठेवलेली बिनभोकाच्या डबीत. त्यात गच्चीवरच्या टाकीतून उन्हाने तापलेलं पाणी येणारं. तिसऱ्या दिवशी वडीचं भरीत झालं होतं. चारशे रुपये आठवून मी ते भरीतच बोटांनी उचलून डोक्यापासून चोपडलं.

आणि पाणी गेलं.

"मोटर लाव!" मी आतून ओरडलो.

"लाइट नाही!" बायको.

डोळे मिटलेले, कानात साका. बादली चाचपायला वाकलो, बादली माळ्यावर. पाय पडला तो भरतावर. मी बसलो. म्हणजे बसवला गेलो.

"काय व्हयनं रे?" आई दाराशी आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बेसनना डबा घरमाच शे ना!"

साबणाच्या बाबतीत आमचा भाग काही अडाणी नाही. तापी ओलांडली की अमळनेर. तिथे १९४५ साली वनस्पती तूप काढायला निघालेली कंपनी आज विप्रो म्हणून जगाला माहीत आहे, आणि तुपातून उरलेल्या मालाचा ७८७ नावाचा धुण्याचा साबण तिने तेव्हाच काढला होता. अशा शेजारात राहून मी सुतळीला भुललो. त्या बाईच्या साबणात खोट नव्हती. माझं पाणी जड आणि डोकं हलकं, एवढंच.

बादली माळ्यावरून खाली आली आहे. कडुनिंबाची वडी जवळजवळ कोरीच आहे, कॉफीची अर्धी. कुणाला हव्या असतील तर सुतळीसकट घेऊन जा. मात्र आंघोळ आपल्या घरी, आपल्या पाण्याने करावी.