आपण उरकून घ्यावे

भिवंडीत कल्याण रोडवरच्या एका नव्या टॉवरच्या कमिटीने खेळीमेळीच्या वातावरणात ठराव मंजूर केला आहे. आवारात कुत्र्याला शी-शूसाठी मोकळं करताना मराठी, हिंदी किंवा उर्दू शब्द उच्चारू नयेत. ते लिफ्टपर्यंत ऐकू येतात आणि पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. अंजूरफाट्यापासून इथवरच्या खड्ड्यांत पाहुण्यांच्या तोंडून जे शब्द निघतात, त्यांवर बंदी नाही.

शब्द निवडायला उपसमिती बसली. जर्मन ऐकून सगळ्यांना वाटलं, कुणीतरी भाडं थकवलंय. शेवटी फ्रेंचवर एकमत झालं: ‘आले, सिल वू प्ले’. पहिल्याच सकाळी तळमजल्यावरच्या आजींनी दार उघडून विचारलं, ‘कोण आले?’

यातली ग्यानबाची मेख त्या ‘वू’मध्ये आहे. ‘वू’ म्हणजे आपण, आदरार्थी. खुद्द फ्रान्समध्ये माणसं आपल्या कुत्र्याला अरेतुरेच करतात. भिवंडीतला हा लॅब्राडोर मात्र रोज सकाळी ऐकतो: चलावे, आपली मर्जी असेल तर. मर्जी असते. तो लिफ्टमध्येच करतो.

कारण शब्द कुठला, याचा इथे काही संबंधच नाही. पिल्लू झोपेतून उठलं, खाऊन झालं की त्याला ठरलेल्या कोपऱ्यात न्यायचं, ते करू लागलं की दर वेळी एकच शब्द म्हणायचा आणि झाल्यावर लगेच बिस्कीट द्यायचं. मग तो शब्द ‘भेंडी’ असला तरी चालतो. ब्रिटनमध्ये अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांना ‘बिझी, बिझी’ म्हणतात. जपानमध्ये ‘वन’ आणि ‘टू’. म्हणजे करंगळी वर करून ‘बाई, एकीला जाऊ?’ विचारणाऱ्या आपल्या पोरांचीच पद्धत! उपसमितीपुढे मी ‘एकी’ सुचवली. फार मराठी शाळेतलं वाटतं, म्हणाले.

आता कुत्र्याला खाली नेणार कोण? मालकांना वेळ नाही, म्हणून वॉचमन. केबिनच्या काचेवर त्याच्यासाठी देवनागरीत फ्रेंच चिकटवलंय आणि उच्चार चुकला तर सेक्रेटरी गॅलरीतून ओरडतात, ‘ए, नीट बोल त्याच्याशी!’ कुत्र्याला वू, वॉचमनला ए. या ए-ची ड्युटी बारा तासांची आणि आख्ख्या टॉवरमध्ये त्याच्यासाठी एक संडास नाही. फ्लॅटमागे तीन-तीन आहेत. एक तर नुसता पाहुण्यांसाठी, ज्यांच्या कानांची एवढी काळजी. त्याने जायचं कुठे? कुंपणाच्या भिंतीला ओळीने देवांच्या टाइल्स लावल्यात; सगळे धर्म आहेत, सर्वधर्मसमभाव या शहरात एवढ्याच कामाला एकदिलाने वापरला जातो. देव संपतात तिथे रंगवलंय, ‘देखो, गधा मूत रहा है’. कुत्र्याला फ्रेंचमध्ये विनंती आणि माणसाला गाढव! समोरच्या गल्लीत बारा-बारा तासांच्या पाळीत माग चालवणारे कारागीर आहेत, आख्ख्या शेडला बिनकडीच्या दाराचा एक संडास. मानकोली-दापोड्याच्या गोदामांबाहेर गाडी खाली व्हायची वाट बघत ट्रकवाले रात्र काढतात. मुंबईच्या घराघरांत जाणारी पार्सलं, त्यात या लॅब्राडोरची बिस्किटंसुद्धा, तिथूनच सुटतात. या माणसांसाठी कुठल्या भाषेत काय सोय केलीय? आणि कामावरच्या बायकांनी तर ड्युटी संपेपर्यंत पाणीच प्यायचं नाही, हा अलिखित नियम. तो ऐकून लिफ्टमधल्या कुणाचेही कान लाल होत नाहीत.

असो. मागच्या रविवारी सभा झाली. कुत्र्यासाठी वाळूचा कोपरा, वर पत्र्याची शेड आणि फ्रेंच फलक, हा खर्च टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. विषय क्रमांक सात, वॉचमनसाठी संडास. तोपर्यंत जेवणाची पाकिटं आली होती. कोरमअभावी विषय तहकूब.