इंजिन पाटावर बसलंय

(रंगमंचावर एक लाकडी पाट. पाटावर फडक्याखाली झाकलेलं काहीतरी जड. शेजारी इडलीपात्र, जुना टूथब्रश, डिझेलची बाटली. नट लेंगा-बनियनमध्ये येतो. हात काळे. ते तो फडक्याला पुसतो, तर फडकंच आणखी काळं होतं.)

हात मिळवला असता, पण तुमचे कपडे चांगले दिसतायत.

(झाकलेलं फडकं झटक्यात काढतो.)

जावा! 250 सीसी, टू-स्ट्रोक, साल 1968. आमच्या वडिलांची मोटारसायकल. फ्रेम जिन्याखाली आहे, टाकी माळ्यावर, आणि इंजिन इथं. मुंज असल्यासारखं पाटावर बसलंय. पाट आईचा आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

आमच्या कोल्हापुरात कसं आहे बघा, घरटी एकाला म्हैस कळते, एकाला कुस्ती कळते आणि उरलेल्या सगळ्यांना इंजिन कळतं. मी नटबोल्टला पाना लावला मात्र, गल्लीतली चार माणसं चहाचे कप घेऊनच आत आली. कप त्यांचे, चहा आमचा.

(आवाज बदलून) "काय, खोललंय वाटतं?"

नाही, ताप बघतोय त्याचा!

"कितीला देणार?"

अहो, अजून स्क्रू निघाला नाही!

आणि स्क्रू निघतच नाही. एवढ्या वर्षांचा गंज. साधा पेचकस लावला की खाच झिजते आणि स्क्रू तिथंच. त्याला इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. वरून हातोडी मारायची, तो दाबतोही आणि फिरतोही. (हातोडी मारतो.) ठाण! (कान देतो.) ही वरून आईची हाक.

(आईचा आवाज) "कोण आलंय रं?"

कुणी नाही, आई! स्क्रू आलाय!

आता हे स्क्रू ठेवायचे कुठं? डाव्या कव्हरचे लांब, उजव्याचे आखूड. अदलाबदल झाली तर लांब स्क्रू आत टेकतो आणि केसिंगला तडा. तर हे बघा. (इडलीपात्र उचलतो.) याच्याइतकी सोयीची वस्तू जगात नाही. वरची ताटली डावं कव्हर, मधली उजवं, खालची क्लच. शिवाय भोकं आहेत, म्हणजे डिझेल आपोआप निथळतं. ज्यानं हे बनवलं त्याच्या मनात इडली नव्हतीच, मी पैजेवर सांगतो.

बायको म्हणाली, (कमरेवर हात) "रविवारी पाहुणे आहेत. इडली करायचीय."

म्हटलं, पोहे कर.

"पोहे कशात करू? कढईत काय आहे?"

कढईत गिअर आहेत.

(थांबतो. प्रेक्षकांकडे बघतो.) त्या रविवारी पाहुण्यांनी मिसळ खाल्ली. बाहेर. त्यांच्या पैशानं.

मला घाई होती ती रंगाची. डोळ्यांसमोर एकच चित्र, काळाभोर सिलिंडर आणि चकाकणारं केसिंग. स्प्रेचा डबा हलवतच उद्यमनगरात गेलो मिस्त्रीकडं. वय सत्तरीचं, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. विचारलं, मिस्त्री, रंग कुठला मारू?

(डबा नाकाजवळ नेऊन, सावकाश) "आदी आंगूळ घाल त्येला."

झालं. घासायला बसलो. डिझेल, टूथब्रश, लोखंडाला तारेचा ब्रश, परत डिझेल, मग साबणाचं पाणी, मग थिनर. तेलकट पृष्ठभागावर रंग धरत नाही, पापड सोलावा तसा सुटतो. सिलिंडरच्या पात्यांच्या मधे चिखल असा बसलेला की त्यात 1972 च्या दुष्काळाची माती निघाली असती! सोळा आण्यांच्या रंगकामात चौदा आणे घासणं असतं, एक आणा टेप लावणं, आणि उरलेला एक आणा रंग. पण बघायला येणारा त्या एका आण्याच्या दिवशीच येतो आणि म्हणतो, "हॅ, सोपं दिसतंय की!"

टू-स्ट्रोकचं पोट म्हणजे काजळी. तेल पेट्रोलमध्येच घालायचं, लिटरला साधारण 40 मिली, ते जळतं आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी साठतं. ती लोखंडानं खरवडायची नाही, चरे पडतात. बांबूची कामटी घ्यायची. मी कामटीनं खरवडतोय तर आई खाली आली.

(आईचा आवाज) "दात घासतोयस व्हय त्येचं?"

मग दिसला तिला पाट. (दोन्ही हात कानांवर.) पुढचं मी सांगत नाही, तिकीट काढून आलेली माणसं आहात.

मिस्त्रीनं सिलिंडरात बोट फिरवलं. बोटानं! "बोर मारावा लागंल." मूळ बोर 65 मिलिमीटरचा, तो किंचित वाढवायचा आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. मारला. बायको शेजारी सांगून आली, "ह्यांनी बोर मारला, फार खर्च आला." संध्याकाळी गल्लीतल्या बायका कळश्या घेऊन दारात. "पाणी किती फुटांवर लागलं?"

खर्चाचं निघालंच म्हणून सांगतो, पावत्या मी टाकीत ठेवतो. टाकी माळ्यावर आहे. बायकोला माळ्यावर चढता येत नाही. यंत्रशास्त्राबरोबर माणसाला भूगोलही यावा लागतो.

आता रंग! पण त्याआधी काका. प्रत्येक जुन्या गाडीला एक 'ओरिजिनल'वाले काका असतात. यांना इंजिन चालू झालेलं नको असतं, ओरिजिनल पाहिजे असतं. (मान तिरपी करून) "मैसूरचा कारखाना 1961 ला निघाला, 1996 ला बंद पडला. तिथनं हा सिलिंडर चंदेरीच यायचा." तेवढ्यात दुसरे काका, "काळाच यायचा!" दोघांनी आपापल्या वडिलांची शपथ घेतली. दोघांचे वडील सायकलवर फिरायचे.

मिस्त्री म्हणाला, "बीड ओतीव लोखंड हाय, गंजतंय. काळा मार. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, त्येला बफिंग कर, रंग फासू नगंस." संपला विषय. सुप्रीम कोर्ट.

पण रंग साधा चालत नाही, हीटप्रूफ लागतो. साधा करपतो, हा तापून पक्का होतो. पातळ हात मारायचे, कारण पात्यांनी उष्णता बाहेर टाकायची असते. जिथं गॅस्केट बसतं तिथं टेप, भोकांत फडक्याचे बोळे. एवढं झालं की भाजायचा. भट्टीत साधारण 200 डिग्री.

(हळूच, विंगेकडे बघत) आमच्याकडं ओव्हन आहे.

(बायकोचा आवाज, विंगेतून आल्यासारखा) "हात तर लावून बघा!"

अगं, नानकटाई काढल्यावर लगेच...

"आधी ठरवा, ओव्हनमध्ये सिलिंडर ठेवायचाय की घरात बायको!"

(विचार करतो. फार वेळ विचार करतो.)

दुसरा मार्ग असतो. इंजिन फ्रेममध्ये चढवायचं, थोडं चालवायचं, गार करायचं, परत चालवायचं. आपल्याच उष्णतेनं रंग पक्का.

आला तो दिवस. मिस्त्रीनं पॉइंटची गॅप लावली, 0.4 मिलिमीटर. एक डोळा मिटून. जावाची गंमत माहितीय? किक आणि गिअर एकच दांडा. आत दाबून वर फिरवला की किक, खाली आला की गिअर. (पायाने दांडा फिरवण्याचा अभिनय.) एक... (किक) काही नाही. गल्ली गप्प. परत... (किक) फुस्स. काका म्हणाले, "ओरिजिनल असता तर..." आणि तेवढ्यात...

(तोंडाने, लयीत) ढब... ढब... ढब-ढब-ढब-ढब!

एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर! दोन्हींतून निळा धूर, वरून रंगाचा वेगळा धूर. समोरच्या वहिनींचं वाळत घातलेलं सगळं निळसर. आई दारात आली. मला वाटलं, आता पाट निघणार. ती नाकानं वास घेत उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो आवाज ऐकला की मी चहा टाकायची. त्येंनी कोपऱ्यावर वळायच्या आत उकळायचा." आणि गेली आत. चहा टाकायला. माझ्यासाठी नव्हे हं, मिस्त्रीसाठी.

(हात पुसतो. प्रेक्षकांकडे दोन पावलं पुढे.)

गाडी बाहेर पार्किंगमध्ये लावलीय. जाताना जरूर बघा, फोटो काढा. सिलिंडर तापलेला असतो, हात लावू नका. विकायची नाही. आणि किती खर्च आला ते मला एकट्याला गाठून विचारा. आमची मंडळी तिसऱ्या रांगेत बसलीय.