कुलूप बापाचे, किल्ली बाळाकडे

प्रजेने करमणूक कोणती करावी, यावर सरकारने फलक लावण्याची परंपरा नालासोपाऱ्यात अशोकाच्या काळापासूनची आहे. 1882 साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांना इथल्या सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीसारख्या मौजेसाठी विहारयात्रा काढीत, आपण मात्र धर्मयात्रा सुरू केली, असे त्या लेखात सम्राट सांगतो. सुधारणेचा आरंभ राजाने स्वतःपासून केला, ही त्या काळच्या प्रशासनाची अपरिपक्वताच म्हणायला हवी.

आजची राज्यव्यवस्था इतकी भाबडी नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरील, म्हणजे इंटरनेटवरून थेट घरात येणाऱ्या, चित्रपट-मालिकांवर 7, 13, 16 अशा वयोमर्यादा छापाव्या लागतात, 13 आणि त्यापुढच्या मर्यादेच्या मजकुराला पेरेंटल लॉकची, म्हणजे पालकांनी घालायच्या कुलपाची, सोय द्यावी लागते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर 18 वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाईची तरतूद आहे.

या योजनेला कुटुंब मात्र ठरावीक घडणीचे लागते: मुलाचा मोबाइल वेगळा, खाते वेगळे आणि कुलूप घालायला पालक घरी. नालासोपाऱ्यातल्या तुळिंज-आचोळ्याच्या चाळीतला बाप सकाळच्या गर्दीत लोकलच्या दाराला लोंबकळत चर्चगेटकडे गेलेला असतो आणि काच तडकलेला जुना मोबाइल त्याच्याच खात्यासह घरी राहतो. त्यामुळे दुपारी कोयता नाचवणाऱ्या ‘भाईं’चे रील पाहणारे तिसरीतले पोर कायद्याच्या लेखी चाळिशीचा गृहस्थ ठरते, आणि त्याला बॉडी स्प्रेची जाहिरात दाखवण्यात कंपनीचे काहीच चुकत नाही. अल्गोरिदम, म्हणजे आधी काय पाहिले त्यावरून पुढचे ताटात वाढणारी गणिती रीत, बापाने रात्रीच्या विरार लोकलमध्ये जे पाहिले त्याचाच पुढचा घास मुलाला भरवते. कुलूप घालायचे कसे, हे आई अखेर मुलालाच विचारते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याची इतकी कायदेशीर रीत दुसरी नसेल.

तरीही सगळे खापर मोबाइलवर फोडणे अन्यायाचे होईल. चित्रपटांत प्रौढांनी केलेले सूचक नाच लहान मुलांकडून करवून दाखवू नयेत, असा सल्ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने 18 जून 2019 रोजी दिला, पण तो दूरचित्रवाहिन्यांना. गणेशोत्सवाच्या मंडपात सहा वर्षांची मुलगी आईची लिपस्टिक लावून आयटम साँगवर, म्हणजे कथेशी संबंध नसलेल्या उत्तान गाण्यावर, नाचते तेव्हा तो सल्ला मंडपाबाहेरच थांबतो. तिथे पेरेंटल लॉकची गरजही कोणाला भासत नाही, कारण आजीपासून नगरसेवकपदाच्या इच्छुकापर्यंत सारे पालक पुढच्याच रांगेत मोबाइल उंचावून चित्रण करीत असतात. मंडळांनी यंदा स्पर्धकांच्या गाण्यांची यादी आधी मागवून ती वाचावी, आणि वन्समोअरची आरोळी ठोकण्यापूर्वी पालकांनी त्या गाण्याचे शब्द एकदा नीट ऐकावेत.