अठ्ठेचाळीस वर्षांचा चिटबॉय

नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत किल्लारीच्या शिवारात बांधावर एखादी मोटारसायकल उभी दिसली, तिच्या हँडलला पिशवी आणि पिशवीत चिठ्ठ्यांचं बुक असलं, तर मालक जवळच उसात लपलेला आहे असं खुशाल समजावं. तो साखर कारखान्याचा चिटबॉय. लपतो तो वाघाला भिऊन नव्हे, ऊस उभा राहिलेल्या शेतकऱ्याला भिऊन. फोन मात्र उचलतो. ‘येऊलालो मामा, येऊलालो! तुमच्याच बांधावर हाय!’ हे तो दोन कोसांवरच्या तिसऱ्याच माणसाच्या बांधावरून सांगतो.

कारखाना कुठला हे विचारण्यात अर्थ नाही. हा माणूस मांजरेपासून तेरणेपर्यंत सगळ्या कारखान्यांत सारखाच सापडतो.

त्याचं काम कागदावर फार देखणं आहे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा अशा नोंदी घ्यायच्या, लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम लावायचा, ऊसतोड मजुरांची टोळी फडात घालायची आणि गाडीला चिठ्ठी द्यायची. शेती खात्यातून हा कार्यक्रम सोमवारी निघतो. मंगळवारी सकाळी संचालकांचा पहिला फोन येतो की पाहुण्यांचा ऊस आधी घ्या. दुपारी शेतकी अधिकारी सांगतात, चेअरमन साहेबांचा शब्द गेलाय, अमक्याचा घ्या. संध्याकाळी एमडी साहेब ग्रुपवर विचारतात, ‘कार्यक्रमाप्रमाणे तोड का नाही? खुलासा करा.’ खुलासा अर्थातच चिटबॉयने करायचा. त्यात संचालकांचं नाव घालायचं नाही, चेअरमन साहेबांचं तर नाहीच. म्हणून तो दरवर्षी ‘रस्ता खराब असल्याने’ असं लिहितो. रस्ता खरोखरच खराब असतो, एवढाच त्याच्या मनाला दिलासा.

त्यातून कारखाना वाढतो आहे. १२५० टनांचा होता, २५०० टनांचा झाला. विस्तारीकरणाच्या कार्यक्रमाला मांडव पडला, फेटे बांधले, गव्हाणीत मोळी पडली, भाषणांत ‘क्षमता दुप्पट’ हे शब्द निदान दहादा आले. एकरी ३५ टन ऊस धरला तरी १२५० टनांना रोज ३५-३६ एकर तोड लागते आणि २५०० टनांना एकाहत्तर. मिल वाढली, बॉयलर वाढला, साहेबांच्या केबिनला काच बसली. गावांच्या गटातला चिटबॉय एकच राहिला. त्याचा पेट्रोल भत्ताही तोच, पेट्रोल शंभरीच्या पुढे गेलेलं असताना. भत्ता वाढवून मागायला तो केबिनमध्ये गेला तेव्हा त्याला अ‍ॅप मिळालं. आता तो फडात उभा राहून आपला फोटो पाठवतो. बारा फुटी उसात त्याचं डोकं दिसत नाही, म्हणून फोटो नामंजूर होतो.

व्यवस्थापनाला दोनच ऋतू माहीत आहेत. ऊस कमी आला की ‘नो केन’ होतं, मिल थांबते आणि साहेब विचारतात, शेती खातं झोपलं होतं का? जास्त आला की यार्डात गाड्या तुंबतात, ऊस वाळतो, वजन घटतं, उतारा पडतो आणि साहेब विचारतात, एवढ्या चिठ्ठ्या दिल्याच कशाला? मिलचा पट्टा तुटला तरी रात्री दोन वाजता फोन फडातल्या माणसाला येतो. का, हे विस्तारीकरणाच्या आराखड्यात शोधूनही सापडणार नाही.

शेतकऱ्याच्या लेखी मात्र हाच माणूस म्हणजे कारखाना. टोळीच्या मुकादमाने ‘खुशाली’ म्हणून वरचे पैसे मागितले, ड्रायव्हरने ‘एन्ट्री’चे घेतले, की शिवी यालाच. काही चिटबॉय खुशालीत हात ओले करतात हेही खरं, पण आपला हा गडी त्या बाबतीत भित्रा आहे.

गावांची रचना त्याच्या फेऱ्या दुप्पट करते. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. रानं जुन्या गावाजवळच राहिली. ऊस तिकडे, मालक इकडे. घरं जमिनीच्या हिशोबाने मिळाली होती, २५०, ४०० आणि सात हेक्टरांवरच्यांना ७५० चौरस फूट. चिटबॉय अजूनही घर बघून आवाजाची पट्टी ठरवतो. त्यात फसतो, कारण साडेसातशेच्या घरात आता तीन वाटण्या झालेल्या असतात आणि अडीचशेतला पोरगा संचालकाचा जावई निघतो.

पैशाचं विचाराल, तर १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे शेतकऱ्याला १४ दिवसांत बिल मिळायला हवं, नाहीतर १५ टक्के व्याज. पाळलं जातं का हा वेगळा विषय, पण निदान भांडायला आकडा आहे. कारखान्याच्या कामगारांची पगारवाढ त्रिपक्षीय समिती ठरवते. एप्रिल २०१९ पासूनची १२ टक्के वाढ ठरायला २०२१ उजाडलं. ठरली म्हणजे सगळीकडे हातात पडली असं नव्हे. चिटबॉय तर बहुधा हंगामी; हंगामाचा पट्टा पडला की तो घरी.

एवढं असून तो राजीनामा देत नाही. बायको म्हणते, द्या सोडून. पण किल्लारीचा स्वतःचा नीळकंठेश्वर कारखाना कित्येक वर्षं बंद पडलेला लोकांनी पाहिला आहे आणि अलीकडे त्याचा बॉयलर पुन्हा पेटला तेव्हा धुराकडे बघत उभे राहिलेलेही हेच लोक. बंद चिमणीपेक्षा शिव्या देणारा साहेब परवडला, असा त्याचा हिशोब. तो साहेबाला शिव्या देतो, पण उसात शिरल्यावर, फोन बंद करून.

त्याची खरी परीक्षा २०२१-२२ च्या हंगामात झाली. राज्यात १३७ लाख टन साखर झाली, महाराष्ट्राने उत्तर प्रदेशाला मागे टाकलं, साहेबांचे सत्कार झाले. मराठवाड्यात मात्र ऊस सरेना. मे महिना लागला, टोळ्या गावी निघाल्या, लांबच्या उसाला टनामागे किलोमीटरला पाच रुपये वाहतूक अनुदान सरकारला द्यावं लागलं. गाळप जूनपर्यंत लांबलं. या सगळ्या गदारोळात चिटबॉयचा स्वतःचा दोन एकर खोडवा तसाच उभा होता. आधी तोडला असता तर गावाने घर गाठलं असतं. शेवटी त्याने शेजारच्या गटाच्या चिटबॉयला फोन लावला. पलीकडून उसाच्या पाचटाचा आवाज आला आणि मग ओळखीचं उत्तर: ‘येऊलालो भाऊ, तुमच्याच बांधावर हाय!’