चहा न घेणारे पाहुणे

औरंगाबादच्या आमच्या छावणीत कोणी चहाला नाही म्हटलं, की दोनच कारणं संभवतात. एक तर डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, नाहीतर मागच्या लग्नातला मानपान अजून मनात आहे. उपवासाची सबब टिकत नाही, कारण चहा उपवासाला चालतो. रोजाची टिकते, पण तीही मगरिबपर्यंतच. चहा धर्मातच बसत नाही, हे तिसरं कारण आमच्या गल्लीतल्या काकूंनी मेलबर्नहून आणलं, आणि गेलं वर्षभर गल्ली त्यावर चर्चा करते आहे.

काकू निवृत्त बालवाडीच्या बाई. काका लष्कराच्या बांधकाम खात्यात, एमईएसमध्ये होते. मुलगा मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीट नावाच्या उपनगरात राहतो, तिथं म्हणे दर चौथ्या दारातून फोडणीचा वास येतो. नात झाली म्हणून काकू डिसेंबरात सहा महिन्यांसाठी गेल्या. सून-मुलगा कामाला, नात पाळणाघरात, काका खालच्या गल्लीतल्या पंजाबी आजोबांकडे पत्त्यांना. अशा एका दुपारी दाराची घंटी वाजली आणि समोर ते दोघं उभे.

परदेशी लेक-सून असलेल्या मराठी आयांना हे दोघं ठाऊक असतात. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी पट्टी, पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत आडनाव. वय अठरा ते वीस-बावीस. चेहरा असा, की परीक्षेत पहिला आलाय आणि त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. जग त्यांना मॉर्मन म्हणतं. त्यांच्या अध्यक्षांनी मात्र २०१८ मध्ये बजावलं, की हे नाव नको, ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं पूर्ण म्हणा. गावाचं नाव बदललेल्या माणसांना यातलं सगळं कळतं. तोंडाला वळण पडायला तेवढा वेळ लागतो.

अशी पोरं आज जगभरात ७०,००० च्या वर आहेत. कुठं जायचं ते चर्च ठरवतं. पत्र येतं आणि त्यात देश लिहिलेला असतो. मुलांनी दोन वर्षं, मुलींनी दीड. “पोरींना सहा महिन्यांची सूट कशाची?” हे काकूंनी विचारून पाहिलं, समाधानकारक उत्तर मिळालं नाही. पगार शून्य. उलट खर्चासाठी अमेरिकेतल्या पोरांच्या घरून महिन्याला ५०० डॉलरच्या आसपास भरावे लागतात. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, पोहणं नाही, मुलींकडे बघणं नाही. जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. जेवायला बरेचदा त्यांच्या पंथातली घरं वाटून घेतात, आज या घरी, उद्या त्या; आपल्याकडे वार लावून शिकलेल्या पिढीला हे नव्यानं सांगायला नको. दर काही आठवड्यांनी बदली होऊ शकते. हे ऐकून एमईएसच्या काकांनी मान डोलावली. निजामाच्या काळापासून बदलीवर आलेल्यांनीच ही छावणी वसवली. आमच्याकडे तीन पिढ्या राहिलेला माणूसही घराच्या कागदांपेक्षा बदलीच्या ऑर्डरवर जास्त विश्वास ठेवतो.

त्या दोघांतला एक काडीसारखा, आयडाहो राज्यातला. दुसरा टोंगा बेटांवरचा, दार भरून उरेल असा. आडनावं काकूंना उच्चारता येईनात. पहिल्या नावानं हाक मारायची सोय नाही, कारण दोघंही स्वतःला एल्डर म्हणवतात. काकूंनी एकाचा बारक्या केला, दुसऱ्याचा थोरला.

काकू म्हणाल्या, आत या. ते म्हणाले, नाही.

घरात बाईमाणूस एकटं असेल तर आत पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा नियम. हे कळायला काकूंना पाच मिनिटं लागली आणि कळल्यावर त्या अशा काही तापल्या की बोलता सोय नाही. “अरे लेकरांनो, तुमच्या आज्यांना मी थोरली बहीण शोभते! चाळीस वर्षं पोरांची नाकं पुसली मी.” पोरं लाल झाली, पण उंबरा ओलांडेनात. शेवटी काकूंनी गॅरेजचं शटर वर केलं, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि ओटा तयार केला. टारनीटमध्ये लोक गॅरेजमध्ये गाडी ठेवतात. सहा महिने ती गाडी रस्त्यावर राहिली.

मग चहा आला. तो त्यांनी नाकारला. काकूंना वाटलं, लाजतायत. दुसऱ्या खेपेला कॉफी केली, तीही नाकारली. या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना १८३३ मध्ये आरोग्याविषयी जी आज्ञा झाली, तिच्यात दारू-तंबाखूबरोबर ‘गरम पेयं’ही बसली, आणि गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी असा पुढे अर्थ लागला. कोको मात्र गरम असूनही सुटला. धर्मशास्त्रातल्या पळवाटांची आपल्याला सवय आहे. साबुदाणा कुठल्या खंडातून आला हे न विचारता आपण तो एकादशीला खातो, तेव्हा कोकोवर बोट ठेवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या खेपेला काकूंनी आलं, तुळस, गवती चहा, गूळ घालून काढा उकळला. पोरांनी आपसांत इंग्रजीत खल केला. चहापत्ती आहे का? नाही. नक्की? काकूंनी पातेलं आणून दाखवलं. थोरल्यानं एका दमात तीन कप घेतले. तेव्हापासून ते मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ लागले.

आता या पोरांना शिकवून पाठवतात. युटातल्या प्रोव्होला मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. दार आपटणाऱ्याशी कसं बोलायचं, वाद घालणाऱ्याला काय सांगायचं, शंका काढणाऱ्याला कोणतं पान उघडून द्यायचं, हे सगळं तिथं घोटून घेतात. पण काकूंवर तिथं धडा नाही. काकूंनी शंकाच काढली नाही.

बारक्यानं सुरुवातीलाच मुद्द्याला हात घातला. १८२० च्या वसंतात, न्यूयॉर्क राज्यातल्या एका झाडीत, चौदा वर्षांच्या जोसेफ स्मिथना देवाचं साक्षात दर्शन झालं. इथं बहुतेक माणसं हसतात किंवा घड्याळ बघतात. काकू म्हणाल्या, “होणारच.”

बारक्या थांबला. होणारच?

“होतं असं. आमच्या घरापासून दौलताबादचा किल्ला हाताच्या अंतरावर आहे. तिथं जनार्दनस्वामी होते. त्यांच्याकडे पैठणहून एकनाथ आले, बारा वर्षांचे. तुमचे चौदा ना? आमचे बारा. तर त्या किल्ल्यावर दत्त मलंगाच्या वेशात आले. फकिराचा वेश, बरं का. नाथांनी आधी ओळखलंच नाही.” आणि मग नाथांची पुढची सगळी कथा. बारक्या वहीत लिहून घेत होता. आपण पाठ सांगायला आलो की ऐकायला, याचा पत्ता त्याला लागेना. थोरल्यानं काढा संपवून विचारलं, मलंग म्हणजे कोण. त्यावर काकूंनी दर्ग्यांचा विषय काढला. खुलताबाद आमच्यापासून फार दूर नाही. म्हणजे तो शुक्रवारही गेला.

त्यांनी आपल्या पंथाचं धर्मपुस्तक दिलं. काकूंनी ते डोक्याला लावलं आणि हरिपाठाशेजारी ठेवलं. रोज एक पान वाचते, असं वचनही दिलं आणि पाळलं. प्रार्थना करू या का, विचारलं, तर हात जोडून तयार. पुढच्या खेपेला बारक्यानं धीर करून विचारलं, हे सगळं खरं आहे असं तुम्हाला वाटतं? काकू म्हणाल्या, वाटतं की. मग तुम्ही बाप्तिस्मा घ्याल? “कशाला?” काकूंनी विचारलं, आणि यात कुरापत काढायचा काही हेतू नव्हता. खरं वाटायचा आणि आपलं सोडून यायचा काय संबंध, हे त्यांना मनापासून कळेना. ज्या घरात ‘नाही’ ऐकावं लागतं तिथून ही पोरं पाय झटकून निघतात, शेजारच्या दाराला जातात. पण जिथं सगळ्याला ‘हो’ म्हणतात आणि काहीच हलत नाही, तिथून उठायचं कसं, हे कुणीच शिकवलेलं नसतं. आमची छावणी या बाबतीत पक्की आहे. ऐकून घेणं हा पाहुणचाराचा भाग, पटवून घेणं नव्हे.

त्यांचा आणि मराठी माणसाचा हा पहिला सामना नव्हता. ह्यू फिन्डले नावाचा स्कॉटलंडचा मॉर्मन प्रचारक १८५२ च्या सप्टेंबरात मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. पुण्याच्या लष्करात त्यानं सोल्जरांना उपदेश सुरू केला, तसं अधिकाऱ्यांनी त्याला हद्दीबाहेर काढलं. लष्करी हद्दीत जन्म काढलेल्यांनाच कळेल, हद्द म्हणजे काय प्रकरण असतं ते. त्यातच त्याच वर्षी युटात त्याच्या पंथानं बहुपत्नीत्व उघड मान्य केल्याची बातमी हिंदुस्थानात पोचली, आणि मेमसाहेबांनी दारं लावून घेतली. तरी भला माणूस टिकून राहिला, डझनभर माणसांची एक शाखा पुण्यात जमवली. १८५५ मध्ये खास ‘मराठ्यांना’ उद्देशून एक पुस्तिका मुंबईत छापली आणि थोड्याच काळात परत गेला. त्याच्या घरी कोणी काढा दिला असता, तर तो कदाचित राहिला असता. आमच्या औरंगाबादेत एकोणिसाव्या शतकात रतनजी नवरोजी नावाचे पारशी पाद्री चर्च मिशनरी सोसायटीचं काम करत वर्षानुवर्षं राहिले. पण ते दुसऱ्या पंथाचे, त्यांना चहाची आडकाठी नव्हती. भारतात या मंडळींचं मिशन १९९३ मध्ये बेंगळुरूला निघालं, आणि हैदराबादेत त्यांचा चांगला जम आहे. छावणीच्या बाजारात मात्र ते पांढरे शर्ट मी अजून पाहिलेले नाहीत. गुरुवारच्या गर्दीत ते संध्याकाळपर्यंत पांढरे राहतील याची खात्रीही देत नाही.

पण मी काकूंचं सांगत होतो.

या पोरांची एक जुनी सवय आहे. उठताना विचारतात, तुमचं काही काम करून देऊ का? सभ्य माणूस यावर ‘छे छे’ म्हणतो. काकूंनी पहिल्याच दिवशी मेथीची जुडी पुढे केली. त्यानंतर फ्रिज सरकवणं, पडदे धुणं, नातीचा पाळणा जोडणं, नारळ फोडणं, सगळं झालं. जानेवारीत मेलबर्नला कडक ऊन. काकूंना ऊन वाया गेलेलं सोसत नाही. त्यांनी मागच्या अंगणात कुरडया घातल्या. कुरडयांवर तिथले पांढरे पोपट उतरू लागले, तेव्हा थोरला टाय सोडून काठी घेऊन राखणीला बसला. बारक्या शेजारी बसून त्याला बायबलचा अध्याय वाचून दाखवत होता. सेवेचा तास म्हणून ते वहीत मांडलं की नाही, माहीत नाही. मांडायला हवं होतं.

बारक्याचा बाप बटाट्याचा शेतकरी. हे कळल्यावर काकूंच्या डोळ्यांत त्याची किंमत एकदम वाढली. “काय भाव जातो तुमच्याकडं?” भाव डॉलरमध्ये, माप पौंडात. काकूंनी किलो-रुपयात आणून पाहिलं आणि व्यापारी तुम्हाला फसवायलेत असा निकाल दिला. पोरगं म्हणालं, बाबापण हेच म्हणतात. त्या दिवशी धर्माचा शब्द निघाला नाही. घरी बाप एकटा शेत सांभाळतोय, धाकटा भाऊ लहान आहे, आई फोनवर रडते, असं बरंच काही निघालं. २०१९ पर्यंत या पोरांना घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्यातून एकदा करता येतो. काकू मुलाच्या देखत म्हणाल्या, “मी छावणीत असताना याला रोज करता येत होता, तरी आठवड्यातून एकदाच करायचा.” मुलगा उठून आत गेला.

मार्चमध्ये बारक्याची बदली झाली, थोरला राहिला, त्याला नवा जोडीदार मिळाला. नव्यानं पहिल्याच दिवशी काकूंना विचारलं, तुम्हाला देवाविषयी काय वाटतं? थोरल्यानं त्याला कोपरानं ढोसलं आणि म्हणाला, आधी मेथी.

काकू जूनमध्ये परतल्या. गल्लीत त्यांनी सगळी हकिगत सांगितली. काही मंडळींनी सावधपणे विचारलं, की ते बाटवायला येत होते ना? काकू म्हणाल्या, “येत होते की. बिचारी दोन वर्षं उन्हातान्हात फिरायलीत, एकाला तरी यश येऊ दे, असं मी देवाला रोज म्हणत होते. पण मला कुठं वेळ होता?”

परवा व्हॉट्सअॅपवर लग्नाची पत्रिका आली. बारक्याची सेवा संपली, घरी गेला आणि सहा महिन्यांत लग्न ठरलं. हे तिकडं नेहमीचंच म्हणतात. दोन वर्षं ज्यानं मुलीकडे मान वर करून पाहिलं नाही, त्यानं घाई केली तर नवल काय. पत्रिकेत खाली बारीक अक्षरांत होतं की विवाहविधी मंदिरात होईल, पंथाच्या बाहेरच्यांना तिथं प्रवेश नाही, बाकीच्यांनी संध्याकाळी जेवणाला यावं.

“म्हणजे अक्षतांना नाही, नुसतं पंगतीला,” काकू म्हणाल्या. “आपल्याकडची निम्मी माणसं असंच करतात, बोलावल्याशिवाय.”

मग आहेराचा प्रश्न निघाला. पाचशे एक द्यायचे हे ठरलेलं. पण पाठवायचाच खर्च त्याहून जास्त, असं बँकेतल्या पोरानं सांगितलं. शिवाय डॉलर करताना वरचा एक रुपया कुठं जातो, याचं उत्तर त्यालाही देता येईना. काकूंनी पाकिटात पाचशे एक घातले, वर ‘बारक्या’ असं लिहिलं आणि कपाटात ठेवलं. कधी इकडं आला तर घेईल. दुसरं एक पाकीट त्यांनी आताच करून ठेवलंय, त्यावर ‘थोरला’ आहे आणि आत अकराशे एक आहेत.

“त्याचंही ठरलं का?” मी विचारलं.

“अजून नाही. पण त्यानं कुरडया राखल्यात.”